फिश ऑइल आणि टेस्टोस्टेरॉन: रिपोर्टमध्ये नेमकं कुठं बघायचं

टेस्टोस्टेरॉन वाढवायचं म्हणून फिश ऑइलच्या कॅप्सूल सुरू करणारे बरेच जण तीन महिन्यांनी फक्त 'टोटल टेस्टोस्टेरॉन' तपासतात, आकडा होता तिथंच दिसतो आणि बाटली कपाटात जाते. या तेलाचा पुरुषी हॉर्मोन्सशी जो संबंध अभ्यासांत दिसला आहे, तो त्या एका आकड्यात कमी आणि एलएच-एफएसएच या, मेंदूकडून वृषणांना हुकूम देणाऱ्या दोन हॉर्मोन्सच्या ओळीत जास्त आहे. ती ओळ मात्र पुष्कळदा तपासलेलीच नसते.

आधी यंत्रणा समजून घेऊ. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला इशारा देतो. पिट्यूटरी दोन हॉर्मोन्स सोडते. एलएच वृषणातल्या लायडिग पेशींना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतो, तर एफएसएच सर्टोली पेशींना शुक्राणू घडवायच्या कामाला जुंपतो. टेस्टोस्टेरॉन पुरेसं झालं की वरून येणारा एलएच कमी होतो. सर्टोली पेशींचं काम नीट चाललं असेल तर त्या इन्हिबिन बी हे हॉर्मोन सोडतात आणि एफएसएच खाली येतो. म्हणजे दोन माणसांचं टेस्टोस्टेरॉन सारखंच असलं, तरी एकाची वृषणं एका हाकेत कामाला लागत असतील आणि दुसऱ्याच्या वृषणांना चार हाका माराव्या लागत असतील. या हाका मोजायच्या तर एलएच बघावा लागतो.

डेन्मार्कमध्ये सक्तीच्या लष्करी तपासणीला आलेल्या तरुणांवर झालेला आणि २०२० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास नेमकं हेच दाखवतो. त्यात १६७९ तरुण होते, बहुतेक एकोणीस वर्षांच्या आसपासचे. त्यांपैकी ९८ जणांनी मागच्या तीन महिन्यांत फिश ऑइल घेतल्याचं सांगितलं. न घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा एफएसएच सुमारे २० टक्के आणि एलएच सुमारे १६ टक्के कमी होता. मुक्त टेस्टोस्टेरॉन (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेला भाग) आणि एलएच यांचं गुणोत्तर ८ टक्के जास्त होतं. ज्यांनी साठ किंवा त्याहून जास्त दिवस तेल घेतलं होतं, त्यांच्या वृषणांचा आकार सरासरी दीड मिलीलिटर मोठा आणि वीर्याचं प्रमाण ०.६४ मिलीलिटर जास्त आढळलं. साठ दिवसांपेक्षा कमी घेणाऱ्यांत हेच फरक लहान होते. ही चढण महत्त्वाची, कारण निव्वळ योगायोगात ती सहसा दिसत नाही.

तरीही हा निरीक्षणाचा अभ्यास आहे. कुणी तेल घ्यायचं आणि कुणी नाही हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी नियमाने कॅप्सूल घेणारा मुलगा बाकीही चार गोष्टी नीट करत असण्याची शक्यता दाट. त्यामुळे यावरून 'तेलाने वृषणं वाढतात' असे मथळे देणं हा आचरटपणा आहे. संबंध विश्वासार्ह वाटतो, कारण मात्र अजून सिद्ध व्हायचं आहे.

टेस्टोस्टेरॉनचा आकडा प्रत्यक्ष हललेला दिसला तो वजन जास्त असलेल्या पुरुषांत. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत जास्त वजनाच्या स्त्री-पुरुषांना बारा आठवडे रोज ८६० मिलीग्रॅम डीएचए आणि १२० मिलीग्रॅम ईपीए (फिश ऑइलमधली कामाची दोन ओमेगा-३ आम्लं) दिलं, तुलनेच्या गटाला मक्याचं तेल. तेल घेणाऱ्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढलं, स्त्रियांचं वाढलं नाही. एकूण सहभागी ६१ आणि त्यांत पुरुष थोडेच, त्यामुळे फार उड्या मारायचं कारण नाही. पण या गटात परिणाम दिसावा यात आश्चर्य नाही. वाढलेल्या चरबीत अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करतं. इन्सुलिन चढं असलं की यकृत एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी बनवतं आणि टोटलचा आकडा पडतो. अंगात सतत धुमसणारा दाह लायडिग पेशींना मंदावतो. अशा शरीरात दुरुस्तीला वाव असतो. सडपातळ, नीट झोपणाऱ्या आणि मासे खाणाऱ्या पंचविशीच्या माणसात वावच नाही, तिथं तेल काय वाढवणार?

वृषणाच्या आत हे तेल करतं तरी काय? टेस्टोस्टेरॉनचा कच्चा माल कोलेस्टेरॉल. ते पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात पोचवणारं 'स्टार' नावाचं प्रथिन ही सगळ्या साखळीतली सर्वांत अरुंद गल्ली. एलएचचा इशारा आला की पेशीच्या आवरणातून अरॅकिडॉनिक आम्ल सुटतं आणि ते 'स्टार'चं उत्पादन वाढवायला मदत करतं. हे ओमेगा-६ घराण्यातलं आम्ल. त्याचाच काही भाग कॉक्स-२ एन्झाइमकडे गेला की तयार होणारे पदार्थ 'स्टार'ला आवरतात. ईपीए आणि डीएचए आवरणात शिरून अरॅकिडॉनिक आम्लाची जागा घेतात आणि कॉक्स-२कडे जाणारा मालही कमी करतात. म्हणजे एकाच फेरबदलात एक गोष्ट मदतीची, दुसरी अडथळ्याची. म्हणून 'जितकं जास्त तितकं बरं' हा हिशेब इथं चालत नाही.

शुक्राणूंचं प्रकरण जास्त सरळ आहे. त्यांच्या आवरणात, विशेषतः शेपटीत, डीएचए भरपूर असतं. ज्या उंदरांमध्ये डीएचए बनवायला लागणारं डेल्टा-६ डिसॅच्युरेज एन्झाइमच काढून टाकलं, ते नर वांझ निघाले. आहारातून डीएचए दिल्यावर त्यांची शुक्राणूनिर्मिती पुन्हा सुरू झाली. माणसात एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, वर वाहिन्यांमधून प्रवासाचे दिवस. त्यामुळे तेल सुरू केल्यावर महिन्याभरात वीर्यतपासणी करणं म्हणजे पैसे वाया घालवणं. तीन महिने, जमल्यास चार, थांबावंच.

आता बाटली हातात घ्या. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात '१००० मिलीग्रॅम फिश ऑइल' लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. मागच्या तक्त्यात ईपीए आणि डीएचए हे दोन आकडे शोधा. साध्या कॅप्सूलमध्ये १८० मिलीग्रॅम ईपीए आणि १२० मिलीग्रॅम डीएचए असतं. म्हणजे कामाचा माल तीनशे, बाकी सातशे इतर चरबी. वरच्या चाचणीइतकं ८६० मिलीग्रॅम डीएचए अशा कॅप्सूलमधून मिळवायचं तर रोज सुमारे सात गिळाव्या लागतील. त्याबरोबर १२६० मिलीग्रॅम ईपीए आणि साठ-पासष्ट कॅलरी आपोआप येतील, आणि तो डोस चाचणीतल्यापेक्षा वेगळाच झाला. त्यापेक्षा ज्यात डीएचए जास्त आहे असं सांद्र तेल घ्यावं. कॅप्सूलमागे ५०० मिलीग्रॅम डीएचए असेल तर दोन पुरतात. तक्त्यातला आकडा एका कॅप्सूलचा आहे की दोन-तीन कॅप्सूलच्या 'सर्व्हिंग'चा, तेही वाचा. फसगत बहुतेक वेळा तिथंच होते.

सांद्र तेल बऱ्याचदा इथाइल एस्टर स्वरूपात असतं. ते पचायला जेवणातली चरबी लागते. उपाशीपोटी पाण्याबरोबर घेतलं तर मोठा भाग तसाच निघून जातो. ट्रायग्लिसराइड स्वरूपातलं तेल यापेक्षा बरं शोषलं जातं, पण तेही जेवणाबरोबरच घ्यावं. दिवसातल्या सर्वांत भरपेट जेवणाच्या मध्यावर घेतलं की माशाच्या वासाच्या ढेकरांचा त्रासही कमी होतो. शाकाहारींसाठी शेवाळाचं तेल आहे. मासे स्वतः डीएचए तिथूनच मिळवतात, त्यामुळे त्यात कमीपणा काही नाही. जवसावर मात्र भिस्त ठेवू नका. जवसातल्या एएलए या ओमेगा-३ आम्लापासून पुरुषाचं शरीर जेमतेम आठ टक्के ईपीए बनवतं, डीएचए तर शून्य ते चार टक्के. स्त्रियांमध्ये हे रूपांतर जास्त होतं आणि त्याचं श्रेय इस्ट्रोजेनला दिलं जातं. म्हणजे हॉर्मोन्सही ओमेगा-३वर परिणाम करतात, वाहतूक एकेरी नाही.

कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी चीज आहे. एका चमच्यात साधारण १३५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व असतं. प्रौढाची वरची सुरक्षित मर्यादा रोज ३००० मायक्रोग्रॅम. डीएचए वाढवायच्या नादात तीन चमचे घेतले की मर्यादा ओलांडली.

खवट तेल हा सर्वांत दुर्लक्षित दोष. ईपीए-डीएचएच्या साखळीत पाच-सहा दुहेरी बंध असतात आणि हवेतल्या ऑक्सिजनला तेवढंच हवं असतं. तेल किती खवटलंय हे सांगणाऱ्या तीन आकड्यांच्या, दर्जेदार तेलासाठी उद्योगाने मान्य केलेल्या मर्यादा अशा: पेरॉक्साइड मूल्य ५, अनिसिडीन मूल्य २० आणि टोटॉक्स २६. टोटॉक्स म्हणजे पेरॉक्साइड मूल्याची दुप्पट अधिक अनिसिडीन मूल्य. कंपनी प्रत्येक बॅचचे हे आकडे देत असेल तर उत्तम. फक्त पेरॉक्साइड दाखवत असेल तर सावध, कारण तेल बरंच जुनं झालं की पेरॉक्साइडं मोडून हा आकडा पुन्हा खाली येतो आणि अनिसिडीन चढतो. घरी करायची चाचणी सोपी: महिन्यातून एकदा एक कॅप्सूल कापून वास घ्या. समुद्राचा हलका वास ठीक. ऑइल पेंटसारखा उग्र दर्प आला, किंवा जिभेवर थेंब ठेवल्यावर घशात खवखवलं, तर बाटली फेकून द्या. लिंबाचा स्वाद घातलेल्या तेलात नाकही फसतं आणि अनिसिडीनची तपासणीही. बाटली गार, अंधाऱ्या जागी ठेवा. सुटं तेल असेल तर फ्रीजमध्ये, आणि उघडल्यापासून दीड-दोन महिन्यांत संपवा.

रक्ततपासणीत तर याहून जास्त घोळ होतो. टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वांत जास्त असतं आणि दिवसभर उतरतं. काही खाल्ल्यावर, विशेषतः साखर पोटात गेल्यावर, ते आणखी पडतं. म्हणून नमुना सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि नीट झोप झालेल्या रात्रीनंतरच द्यावा. आजारपणात किंवा तापातून उठल्याउठल्या देऊ नये. एकाच माणसाचा आकडा दिवसादिवसाला दहा टक्के सहज इकडेतिकडे होतो. तेवढा फरक तेलाच्या नावावर जमा करता येत नाही. आधीचे दोन आणि नंतरचे दोन नमुने, सगळे एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने. सोबत एलएच, एफएसएच, एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (हेही रक्तातलं एक प्रथिन) मागा, म्हणजे मुक्त टेस्टोस्टेरॉनचा हिशेब काढता येतो. ते थेट मोजणाऱ्या स्वस्त चाचण्या भरवशाच्या नसतात.

आणि बायोटिन. केसांसाठीच्या गोळ्यांमध्ये ते ५ ते १० मिलीग्रॅमपर्यंत असतं. पुष्कळ लॅबच्या यंत्रांमधली रसायनं बायोटिनच्या बंधावरच चालतात. त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असलं की टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि एलएच-एफएसएच खोटे घटलेले दिसू शकतात. हे चित्र थेट त्या डॅनिश अभ्यासातल्यासारखं! फिश ऑइल आणि केसांच्या गोळ्या एकाच आठवड्यात सुरू करणाऱ्याला तेल रामबाण वाटेल आणि श्रेय मात्र यंत्राच्या चुकीचं असेल. तपासणीच्या किमान दोन-तीन दिवस आधी बायोटिन बंद करा.

घटलेला एलएच दर वेळी शुभ नसतो हेही सांगायला हवं. टेस्टोस्टेरॉन चांगलं असून एलएच खालच्या बाजूला असेल तर ठीक. दोन्ही कमी असतील तर गडबड पिट्यूटरीच्या बाजूला असू शकते. तिथं प्रोलॅक्टिन हे पिट्यूटरीचंच आणखी एक हॉर्मोन तपासून एंडोक्राइनोलॉजिस्टला, म्हणजे हॉर्मोन्सच्या डॉक्टरांना दाखवायचं, कॅप्सूल वाढवायच्या नाहीत. एलएच चढा आणि टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर दोष वृषणात, तोही तेलाने सुटत नाही. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेणाऱ्यांचा एलएच आधीच दबलेला असतो, त्यांच्या रिपोर्टमधून तेलाबद्दल काहीच कळणार नाही.

चरबीच कमी खाणाऱ्यांनी आधी आहार बघावा. सहा चाचण्यांतल्या २०६ पुरुषांची आकडेवारी एकत्र करणाऱ्या २०२१च्या विश्लेषणात कमी चरबीच्या आहारावर टेस्टोस्टेरॉन घटलेलं दिसलं. झोपेचंही तसंच. दहा तरुणांना आठवडाभर रात्री पाचच तास झोपू दिल्यावर त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरलं होतं. एवढी घट कॅप्सूलने भरून काढायची आशा धरू नये.

डोस वाढवण्याची एक खरी किंमत आहे. हृदयरुग्णांवरच्या मोठ्या चाचण्यांत रोज ४ ग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाची अनियमित धडधड, जास्त आढळली. एका चाचणीत त्यासाठी रुग्णालयात दाखल होणारे ३.१ टक्के होते, तुलनेच्या गटात २.१ टक्के. धडधडीचा इतिहास असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. बाकीच्यांनी ईपीए-डीएचए मिळून रोज एक ते दीड ग्रॅमवर थांबावं. आठवड्यातून दोनदा सॅमनसारखा तेलकट मासा खाणाऱ्याला कॅप्सूलची गरजही नसते. तो मासा शंभर ग्रॅममागे साधारण दोन ग्रॅम ओमेगा-३ देतो. शंका असेल तर ओमेगा-३ इंडेक्स तपासता येतो. लाल रक्तपेशींच्या आवरणात ईपीए-डीएचए किती टक्के आहे हे त्यातून कळतं. ४ टक्क्यांखाली कमतरता, ८ टक्क्यांवर भरपूर. ८च्या वर असूनही टेस्टोस्टेरॉन कमीच असेल, तर कारण तेलाच्या बाटलीबाहेर शोधायचं.