चहाच्या चित्रांतले हात: प्रगतीची नोंद

आख्ख्या चित्राची नक्कल करायचा नाद तूर्त बाजूला ठेवलाय. सध्या फक्त हात आणि कप, तेही पेन्सिल आणि गुआशमध्ये (अपारदर्शक जलरंग). चहापानाच्या चित्रांत चेहरे बऱ्याचदा पोझ देऊन बसलेले असतात. खरी गंमत बोटांत आहे.

रिचर्ड कॉलिन्सचं १७२७ च्या सुमाराचं कुटुंबचित्र घ्या (लंडन, व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालय). कप चिनी धाटणीचे, बिनकानाचे. कढत चहा ओतल्यावर धरायचं कुठे? वरची कड आणि बुडाखालचं गोल कडं, तिथेच त्यातल्या त्यात कमी भाजतं. हे लक्षात आल्यापासून माझा कागदावरचा अंगठा बरोबर जागी पडायला लागलाय. कपाचं लंबवर्तुळ मात्र आधी पूर्ण काढायचं, बोटं नंतर. उलट केलं की कप चेपल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त रमलो ते मेरी कसॅटच्या ‘द टी’मध्ये (साधारण १८८०, बोस्टनचं ललितकला संग्रहालय). पाहुणीनं टोपी, हातमोजे काहीच काढलेलं नाही, आणि ओठाला लावलेल्या कपाआड तिचा निम्मा चेहरा गायब! समोर कसॅटच्या घरचा चांदीचा सेट. चांदीसाठी मी राखाडी आणि तपकिरीच वापरले, आजूबाजूच्या रंगांची थोडी झाक मिसळून. चकाकीचा पांढरा सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशनं, आणि त्याला अगदी खेटून गडद रेघ. ती रेघ नसेल तर चांदीचं ॲल्युमिनियम होतं.

रशियन चित्रकार कुस्तोदिएव्हची चहा पिणारी व्यापाऱ्याची बायको (१९१८) झटपट उरकली. तिनं बशी बोटांच्या टोकांवर तोलून धरलीय, तेवढीच उचलली. कलिंगड, समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं), मांजर यांत अडकलो असतो तर संपलंच असतं. रशियात उपासमारीचे दिवस आणि चित्रकार स्वतः चाकाच्या खुर्चीत, तरी टेबल असं ओसंडून वाहतंय, हे मात्र डोक्यातून जात नाही.

पुढचा नंबर फ्रेंच चित्रकार शार्डँचा, १७३५ ची चहा घेणारी बाई. हात सोपा आहे, कपातून निघणारी वाफ अवघड. गुआशचा पातळ पांढरा वाळला की खडूसारखा दिसतो, म्हणून खालचा रंग ओला असतानाच पुसून वाफ काढायचा विचार आहे. कुणी पेस्टलनं वाफ जमवली असेल तर कागद कोणता घेतला, तेवढं सांगा.