गॅस दोनदा भरलेला फ्रीज

देवबागला एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी. मधल्या वाळूच्या पट्टीवर माडांत घरं. इथल्या खाऱ्या हवेत फ्रीजची पाठ लवकर गंजते, लोखंडी नळीला बारीक भोक पडतं आणि गॅस खरोखरच जातो. त्यामुळे फ्रीज थंड करीना की 'गॅस गेला' हेच सगळ्यांच्या तोंडी पहिलं येतं. पुष्कळदा ते बरोबरही असतं, पण या फ्रीजच्या बाबतीत नव्हतं.

गणपतीला चार दिवस होते. दोन दरवाजांचा, सुमारे अडीचशे लिटरचा, आपोआप बर्फ वितळवणारा जुना फ्रीज. वर फ्रीजर, खाली भाज्या-दुधाची जागा. काकींनी दारातच सांगितलं, "गॅस गेलो आसतलो, झिला. शिमग्याआधी भरल्यानी, आषाढात परत भरल्यानी. चार दिस बरो चालता, मगे दूध नासता."

मी नेमके दिवस विचारले. पहिल्यांदा गॅस भरल्यावर साधारण तीन आठवडे चालला, दुसऱ्यांदा दहा दिवस. वर बर्फ होतो का? होतो. आइस्क्रीम घट्ट राहतं का? राहतं. फक्त खाली थंड होत नाही. शेवटचे तीनचार दिवस वरून किरकिर आवाज यायचा, मग तोही थांबला.

निम्मं निदान इथेच झालं. गॅस गळत असेल तर वरचं आणि खालचं दोन्ही बिघडत जातं, आइस्क्रीम आधी मऊ पडतं. वर कडक आणि खाली कोमट असेल तर थंडी तयार होते आहे, पण खाली पोचत नाही. या जातीच्या फ्रीजमध्ये थंड जाळी एकच असते, फ्रीजरच्या मागच्या झाकणाआड. तिच्यावरून पंखा हवा ओढतो आणि थोडी हवा खाली सोडतो. जाळी बर्फाने बुजली की हवा अडते, आणि बर्फ पंख्याच्या पात्यांपर्यंत पोचला की तो किरकिर आवाज येतो.

मग गॅस भरल्यावर दोन्ही वेळा चालला कसा? पहिल्या वेळी फ्रीज दुकानात नेला होता आणि दीड दिवस बंद होता. दुसऱ्या वेळी घरीच काम झालं, पण दिवसभर दार उघडं होतं. तेवढ्यात आतला बर्फ वितळून गेला. गुण आला तो बंद ठेवल्याचा, श्रेय मिळालं गॅसला. शिमग्याआधीच्या कोरड्या हवेत बर्फ पुन्हा साचायला तीन आठवडे लागले, पावसाळ्यातल्या दमट हवेत दहा दिवस पुरले. भोक वाढत गेलं म्हणून दिवस कमी झाले, असं कुणालाही वाटलं असतं.

मागे वाकून कॉम्प्रेसरवरचा पाण्याचा ट्रे पाहिला. कोरडा ठणठणीत, तळाला धुळीची पापडी. श्रावण-भाद्रपदात कोकणात असा ट्रे कोरडा असूच शकत नाही. आतला बर्फ दिवसातून दोनतीनदा वितळून ते पाणी नळीने या ट्रेत उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने सुकतं. ट्रे कोरडा म्हणजे बर्फ वितळतच नाही, किंवा वितळतो पण वाट तुंबली आहे. तुंबली असती तर पाणी खालच्या कप्प्यात गळलं असतं. तसं कधी झालं नव्हतं.

प्लग काढून फ्रीजर रिकामा केला. मागच्या झाकणाचे स्क्रू प्लास्टिकच्या छोट्या टोप्यांखाली असतात. झाकण बर्फाला चिकटलेलं असताना ते ओढायचं नाही. खाचा तुटतात आणि जुन्या मॉडेलचं झाकण सुटं मिळणं फार कठीण. टोपात गरम पाणी ठेवून दार लावलं, पंधरा मिनिटांनी झाकण अलगद सुटलं. आत जाळी दिसतच नव्हती, पांढरी भिंतच. बर्फ वरपासून खालपर्यंत सारखा होता, आणि गॅस पुरेसा असल्याची ही मोठी खूण. गॅस कमी असेल तर जाळीच्या सुरुवातीच्या एकदोन फेऱ्यांवरच बर्फ धरतो, पुढची जाळी उघडी राहते.

म्हणून गॅसचा दाब मोजणारा गेज लावलाच नाही. गेज लावताना आणि काढताना दर वेळी थोडा गॅस जातो, आणि घरगुती फ्रीजमध्ये तो मुळातच ग्रॅमात मोजावा इतका कमी असतो. या फ्रीजच्या पाटीवर आर 134ए हा गॅस लिहिला होता. नव्या फ्रीजांत आर 600ए असतो. तो पेट घेणारा आहे, त्यामुळे पाटी वाचल्याशिवाय ज्योत पेटवू नये. मागच्या कारागिराने भरण्याच्या नळीला पिनवाला वॉल्व्ह तसाच सोडला होता, टोपीशिवाय. साबणाचा फेस लावून पाहिला, बुडबुडा आला नाही. तरी रबरी वॉशरची पितळी टोपी लावली. खाऱ्या हवेत उघडी पिन गंजते आणि मग खरंच गळते.

आता बर्फ का वितळत नव्हता? या साखळीत चार वस्तू असतात. टायमर काही तासांनी कॉम्प्रेसर बंद करून हीटरकडे वीज वळवतो. हीटर जाळी तापवतो. बायमेटल जाळीवर बसून तापमान बघतो, थंडीत जोडलेला राहतो आणि बर्फ संपून जाळी 10-13 अंशांपर्यंत तापली की तुटतो, म्हणजे 'उघडा' होऊन हीटरची वीज तोडतो. थर्मल फ्यूज हा शेवटचा राखणदार, सगळं बिघडून तापमान सत्तरीच्या वर गेलं की कायमचा उडतो. ही चार माणसं एकाच दोरीला धरून उभी आहेत. एकाने हात सोडला की काम थांबतं.

टायमरच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर घालून हळू फिरवला, 'टक' झालं. प्लग लावून पाहिलं तर कॉम्प्रेसर बंद आणि हीटरच्या बाजूला 230 व्होल्ट. टायमर ठीक. पुन्हा प्लग काढून हीटर मोजला. त्यावर 150 वॉट लिहिलं होतं. 230 चा वर्ग भागिले 150, म्हणजे सुमारे 350 ओहम यायला हवेत. मीटरवर 346. हीटर ठीक. फ्यूज जोडलेला. बायमेटल बर्फात रुतलेला असूनही उघडा, मीटरवर काहीच नाही. बर्फ वितळल्यावर नीट दिसला: टोपी फुगलेली, कडेला चीर. चिरेतून पाणी आत जातं, गोठून फुगतं आणि पुढची चीर पाडतं.

बायमेटलची चाचणी पुष्कळजण चुकवतात. टेबलावर, म्हणजे 28-30 अंशांत, चांगला बायमेटलही उघडाच दिसणार. तो बाद नसतो. नुसत्या बर्फाच्या पाण्यातही खात्री होत नाही, कारण ते शून्यावर अडतं आणि बरेच बायमेटल शून्याखाली जोडले जातात. त्याला प्लास्टिकच्या पिशवीत घालून कुटलेल्या बर्फात मूठभर जाडं मीठ मिसळून पुरला, दहा मिनिटं ठेवला. असं मिश्रण उणे दहाच्या खाली सहज जातं. तिथेही उघडाच. मग बाद ठरवला.

बर्फ काढायला दोन तास गेले. गरम पाण्याची फडकी आणि टेबलफॅन, एवढंच वापरलं. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर कधीही लावू नये. जाळी ॲल्युमिनियमची, एक ओरखडा आणि सगळा गॅस बाहेर. वितळणं थांबल्यावर पाण्याची वाटही जाळीच्या तळाशी बर्फाने भरली होती. सिरिंजने कोमट पाणी सोडत राहिलो, तेव्हा मागच्या ट्रेत पाणी उतरलं. ही वाट मोकळी केली नसती तर नवा बायमेटल घालूनही वितळलेलं पाणी तिथेच गोठलं असतं.

सुट्या भागाची शोधाशोध इथून सुरू झाली. मॉडेल क्रमांकाची चिकटपट्टी आतल्या भिंतीवर भाज्यांच्या डब्याजवळ होती, बुरशीने काळी पडलेली. ओल्या कापडाने टिपून मोबाइलवर फोटो काढला, मोठा करून वाचला. त्या क्रमांकाचा भाग मागवला तर आठदहा दिवस. कुडाळच्या दुकानात बायमेटल होता, पण दोन वायरींचा, फ्यूज नसलेला. आपला चार वायरींचा, फ्यूज जोडलेला. दोन वायरींचा घालून फ्यूज वगळणं सोपं होतं, मी केलं नाही. बायमेटल अडकला तर हीटर विझवायला टायमरखेरीज कुणीच उरत नाही, आणि आत सगळं प्लास्टिक आणि फोम. काहीजण बायमेटलच 'डायरेक्ट' करतात, म्हणजे तो वगळून वायरी थेट जोडतात. तेही तितकंच वाईट, कारण बर्फ संपला तरी टायमरची वेळ भरेपर्यंत हीटर तापत राहतो.

दुसऱ्या कंपनीचा बायमेटल चालतो, पण तीन गोष्टी जुळल्या पाहिजेत: तुटण्याचं तापमान, वायरींची संख्या आणि नळीवर बसणाऱ्या क्लिपचा व्यास. तो लवकर तुटणारा असेल तर तळाचा बर्फ राहतो आणि महिनाभरात तीच तक्रार. उशिरा तुटणारा असेल तर दर वेळी फ्रीजर विनाकारण तापतो. जुन्याचा फोटो शेजारी मोजपट्टी ठेवून कोल्हापूरच्या दुकानदाराला पाठवला, फोनवर तिन्ही गोष्टी बोलून घेतल्या. पार्सल दुसऱ्या दिवशी फोंडा घाटातून आलं. तोवर बर्फ काढलेला फ्रीज तसाच चालू ठेवला. हवेची वाट मोकळी असल्याने आठवडाभर तरी तो चालतोच.

नवा भाग जुन्याच्याच जागी बसवला. ती जागा कंपनीने उगाच निवडलेली नसते, बर्फ शेवटी जिथे वितळतो तिथे तो असतो. वायरींचे जोड सोल्डर करून, आत गोंद असलेली आकसणारी नळी चढवून, वरच्या बाजूला बांधले. साधी काळी टेप तिथे चालत नाही, दमटपणाने सुटते. कॉम्प्रेसर सुरू करणाऱ्या रिलेपाशी वायरीच्या टोकाचा एक लग (धातूची जोडपट्टी) हिरवा पडून सैल झाला होता, तोही बदलला. देवबागात हे दर फ्रीजला पाहावं.

बसवल्याबरोबर टायमर फिरवून हीटर तपासू नये. जाळी गरम, बायमेटल उघडा, मीटर शून्य दाखवणार आणि नवा भाग खराब वाटणार. दोन तास चालवून जाळी गारठू दिली, मग टायमर फिरवला आणि वायरीवर वीजप्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर लावला. 0.6 अँपिअर. 150 वॉटला तेवढेच हवेत. अठरा मिनिटांनी बायमेटल तुटला, आकडा खाली आला.

दाराच्या रबरात दहाची नोट अडकवून चहूबाजूंनी ओढून पाहिली. खालच्या दाराच्या बिजागरीकडच्या वरच्या कोपऱ्यात ती सरळ निघाली. तिथून दमट हवा आत जात होती, बर्फ लवकर साचण्याला ते दुसरं कारण. रबर फाटलं नव्हतं, दबलं होतं. गरम पाण्याच्या फडक्याने शेकून, ओढून, रात्रभर दार घट्ट लावून ठेवायला सांगितलं. पुढचे पाय अर्धा फेरा उंच केले, म्हणजे दार आपणहून लागतं. रबर बदलायची वेळ आली तर दाराच्या खाचेतून खाचेपर्यंत लांबी-रुंदी मोजावी, आणि जुन्याचा बोटभर तुकडा कापून दुकानात न्यावा. नुसत्या लिटरवर रबर मिळत नाही.

संध्याकाळी सातला व्होल्टेज 178 होतं. चाकरमानी आले की आणखी उतरणार. स्टॅबिलायझर लावून घेतला. खालच्या कप्प्यात पेलाभर पाण्यात थर्मामीटर ठेवून निघालो. सकाळी काकींच्या नातवाने फोटो पाठवला, 4 अंश.

गौरी-गणपती पार पडले. बाराव्या दिवशी, म्हणजे मागच्या वेळची मुदत उलटून गेल्यावर, मी फोन केला आणि मागचा ट्रे पाहायला सांगितला. काकी फोन ठेवून गेल्या, थोड्या वेळाने परत आल्या.

"पाणी आसा, झिला. बोटभर आसा."