बाराबंदीवरचं तेल

गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धरामेश्वरांची जानेवारीतली यात्रा. गड्ड्याचे दिवस जवळ आले की माझ्या लाँड्रीच्या दुकानात पांढऱ्याशिवाय दुसरा रंग दिसत नाही. बाराबंद्या म्हणजे बंदांनी बांधायचे पांढरे अंगरखे, धोतरं, पंचे. वर्षभर ट्रंकेत घडी घालून ठेवलेले कपडे डिसेंबरच्या शेवटी बाहेर निघतात. कुणाला नीळ कमी हवी असते, कुणाला खळ जास्त. बाळीवेशीच्या बाजूला आमचं हे दुकान आजोबांनी टाकलेलं, त्यामुळं काही घरांच्या बाराबंद्या मी तीन पिढ्यांच्या अंगावर बघितल्यात.

ही गोष्ट यण्णीमज्जनाच्या रात्रीची. यण्णी म्हणजे कानडीत तेल, मज्जन म्हणजे स्नान. यात्रेत त्या दिवशी नंदीध्वज, म्हणजे माणसांनी पेलायचे उंच काठ्यांचे ध्वज, शहरभर फिरतात आणि सिद्धरामेश्वरांनी स्थापन केलेल्या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. सकाळी निघालेली मिरवणूक रात्रीपर्यंत चालते. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नाच्या अक्षता. म्हणजे एक दिवस तेलाचा आणि लगेच दुसरा लग्नाचा, आणि दोन्ही दिवस अंगात पांढरं. आमच्या धंद्याच्या माणसाला ही रात्र झोपेची नसतेच.

साडेदहा वाजले असतील. मी शटर अर्धं ओढलं होतं. तेवढ्यात एक पोरगा आणि त्याची आज्जी आली. पोरगा वीसेक वर्षांचा, खांदा सुजलेला. पहिल्यांदाच नंदीध्वज पेलला होता त्यानं. आज्जीच्या हातात पिशवी. तिनं पिशवीतून बाराबंदी काढून टेबलावर ठेवली आणि काही न बोलता बाजूला झाली. तिचे डोळे भरले होते.

बाराबंदी पोराच्या आजोबांची. मी ओळखली. गळ्याच्या आतल्या बाजूला आमच्या वडिलांनी घातलेली लाल दोऱ्याची खूण अजून होती. म्हातारे जाऊन दोन वर्षं झाली होती.

छातीवर हाताएवढा डाग, आणि तो लाल. कुंकवाहून गडद, रक्ताकडं झुकणारा. उजव्या बाहीवर कोपराच्या खाली काळे ठसे, एकाशेजारी एक, ओळीनं, बाभळीच्या शेंगेतले दाणे दिसावेत तसे. गर्दीत कुणाचं तरी ताट कलंडलं, वाटीतलं तेल आणि हळद छातीवर आली, पोरगा सांगायला लागला. घरी येताना मित्राच्या गाडीची चेन पडली, ती यानं बसवली, बाही चेनवर घासली. घरात काकूनं घाईनं छातीवर धुण्याचा साबण चोळला तर पिवळं होतं ते लाल झालं. आज्जीनं ते बघितलं आणि तिच्या मनात नको ते आलं.

"काका, सकाळी वाड्यावरनं मिरवणूक निघती. मला साडेसहाला घालायचंय."

मी पहिला प्रश्न विचारला तो एकच. "इस्त्री फिरवली का कुणी यावर?"

"नाही. काकू फिरवणार होती, आज्जीनं नको म्हटलं."

मी आज्जीच्या पाया पडलो. खरंच पडलो. आणि तिला म्हटलं, "आज्जी, तुम्ही अर्धं काम केलंय."

हा प्रश्न मी गेली पस्तीस वर्षं प्रत्येक तेलाच्या डागाला विचारतो. सतरा वर्षांचा असताना माझ्याकडं एक पांढरा झब्बा आला होता, करडईच्या तेलाचा डाग पडलेला. आमच्या जिल्ह्यात करडई पिकते, घरोघरी तेच तेल असायचं. मी झब्बा धुतला. ओल्या कापडावर डाग दिसेना, गेला असं मला वाटलं. ओलं कापड सगळंच सारखं दिसतं, तेल त्यात लपतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. ओलसर असतानाच कोळशाची इस्त्री फिरवली आणि डाग तपकिरी होऊन वर आला. पुन्हा कशानंच गेला नाही. करडईचं तेल वाळणाऱ्या जातीचं. हवा आणि उष्णता लागली की त्याचा पापुद्रा धरतो, जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. म्हणजे मी त्या झब्ब्याला रंगच दिला होता, आणि वर भाजला होता. वडिलांनी गिऱ्हाइकाला झब्ब्याचे पैसे दिले. मला ओरडले नाहीत. तो झब्बा मात्र त्यांनी दुकानात खुंटीला कितीतरी वर्षं टांगून ठेवला.

तर आधी लाल डाग. मी अर्धं लिंबू वाटीभर पाण्यात पिळलं आणि कापसाच्या बोळ्यानं डागाच्या कडेला लावलं. लाल मागं हटलं आणि तिथं पिवळं झालं. आज्जी पुढं सरकली. "हे काय केलंस रे?"

"हळदच आहे आज्जी. साबणातला क्षार लागला की हळद लाल होते, आंबट लागलं की परत पिवळी. काही अभद्र नाही."

तिनं लिंबाचा बोळा माझ्या हातातून घेतला आणि राहिलेलं लाल स्वतः पिवळं केलं. मी करू दिलं. डाग काढायला त्याचा उपयोग नव्हता, तिला होता. मग मी छातीचा भाग साध्या पाण्यानं विसळून, टॉवेलमध्ये दाबून पंख्याखाली ठेवला.

बाहीला अजून पाण्याचा थेंब लागला नव्हता, हे मोठं भाग्य. चेनच्या काळ्या डागाला लोक पहिल्यांदा पाणी लावतात आणि तिथंच चुकतात. पाणी धाग्यात भरलं की डाग विरघळवणारं काही आत शिरत नाही. आमच्या आजोबांकडं जुन्या मिलच्या कामगारांचे कपडे यायचे. १८७७ साली सुरू झालेली ती गिरणी, सगळं सोलापूर तिच्या भोंग्यावर उठायचं. ते कपडे मागाच्या तेलानं माखलेले असायचे, आणि आजोबा ते भिजवण्याआधी कोरडेच हाताळायचे. घरातली पद्धत तिथून आली.

चेनवर असतं ते नुसतं तेल नसतं. त्या गाडीला मेकॅनिकनं जळकं ऑईल सोडलं होतं, त्यात काजळी आणि लोखंडाची बारीक पूड. तेल निघालं तरी पूड धाग्यात रुतून बसते. चोळलं की आणखी आत जाते. म्हणून आधी चमच्याच्या पाठीनं वरचा लगदा अलगद खरवडून काढला, वर टाल्कम पावडर टाकली, पंधरा मिनिटं राहू दिली. पावडर करडी झाली, झटकली. पुन्हा टाकली. घरात खडूची पूड किंवा मुलतानी माती असेल तरी हेच काम होतं.

मग दार सताड उघडलं, गॅस बंद केला, इस्त्रीची पिनही काढली. बाहीच्या आत जाड सोलापुरी टॉवेल घातला, डाग टॉवेलवर पालथा केला आणि मागच्या बाजूनं टर्पेंटाइन लावायला घेतलं. मागून, कारण डाग आला त्या वाटेनंच त्याला परत जायचं असतं. पुढून लावलं तर तो कापडाच्या आरपार जातो. आणि कडेकडून आत, म्हणजे डागाभोवती कडं उमटत नाही. मऊ ब्रशनं टिपत राहायचं, घासायचं नाही. टॉवेलवर एकेका दाण्याचा ठसा उतरायला लागला. ठसा उतरला की टॉवेल सरकवायचा, कोरी जागा आणायची. असा टॉवेल मी अकरा वेळा सरकवला.

पोरगा स्टुलावर बसून बघत होता. "काका, पेट्रोल लावलं तर लौकर नाय निघणार?"

"निघेल. आणि कुठं ठिणगी पडली तर दुकानही निघेल. घरात कुणीही कपड्याला पेट्रोल लावू नये. लाँड्री जळालेली मी डोळ्यांनी बघितलीय."

टर्पेंटाइन पूर्ण उडून वास जाईपर्यंत थांबलो. तोवर आज्जी बाकावरच झोपली होती. मग काळ्या ठशांवर आणि छातीवरच्या डागावर, दोन्हीकडं, भांडी घासायचं लिक्विड तसंच लावलं, पाणी न घालता. बोटाच्या पेरानं दाबत दाबत दहा मिनिटं मुरवलं. त्याच्या कणाचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला. आधीच पाणी ओतलं तर ते पातळ होतं आणि तेलापर्यंत पोचतच नाही. मुरल्यावर वरून कढत पाण्याची धार. पहिल्या धारेचं पाणी करडं आलं, दुसऱ्याचं फिकट, तिसऱ्याचं स्वच्छ.

पण पाणी स्वच्छ आलं म्हणून मी विश्वास ठेवत नाही. कापड पंख्याखाली पूर्ण वाळवलं. रात्रीचे दोन वाजले होते. वडिलांची एक परीक्षा आहे. वाळलेल्या कापडावर बोटानं पाण्याचा एक थेंब सोडायचा. तेल गेलं असेल तर थेंब लगेच पसरतो. तेल उरलं असेल तर तो क्षणभर गोल उभा राहतो. छातीवर थेंब पसरला. बाहीवर चार जागी पसरला, पाचव्या जागी उभा राहिला. ट्यूबलाइटखाली मोत्यासारखा चमकत होता. पोरानं वाकून बघितलं आणि हळूच म्हणाला, "हाय की अजून."

त्या एका जागेसाठी पुन्हा सगळं पहिल्यापासून. पावडर सोडून.

हळदीचा पिवळेपणा आता एकटा उरला होता. खरं तर हळदीला उन्हासारखं औषध नाही. ऊन तिचा रंग मोडून टाकतं. पण रात्री ऊन कुठून आणणार? कापड पांढरं आणि सुती, म्हणून ऑक्सिजन ब्लीच वापरता येत होतं. रेशमाला किंवा लोकरीला मी ते कधीच लावलं नसतं. हात बुडवून ठेवता येणार नाही इतक्या गरम पाण्यात दोन चमचे घातले. बाराबंदी बुडवताच पाणी तांबूस झालं, आणि पोरगा दचकून उठला. त्याला म्हटलं, क्षार आहे, तू बघितलंयस ना मघाशी, थांब. तासाभरात तांबूसपणा विरत गेला. साधं ब्लिचिंग मी टाळलं. त्यानं इतका जुना सुती धागा कमजोर होतो, आणि म्हाताऱ्यांच्या अंगावरचं कापड मला त्याच्या खांद्यावर फाटायला नको होतं.

पाच वाजता बाहेर काढली. सोलापूरची जानेवारीतली हवा कोरडी, पंख्याखाली पाऊण तासात वाळली. पुन्हा थेंब. पाचव्या जागीही पसरला. तेव्हा कुठं इस्त्रीची पिन लावली. बारा बंद एकेक करून, चुण्या न पडू देता, सरळ केले.

छातीवर फिकट पिवळी झाक राहिली होती. मी लपवली नाही, दाखवली. "तेल गेलंय, काळं गेलंय. हे एवढं हळदीचं आहे. तुला आज दिवसभर उन्हात चालायचंय ना? चाल."

आज्जीनं बाराबंदीवरून हात फिरवला आणि त्या लाल दोऱ्याच्या खुणेवर थोडा वेळ थांबवला. पोरगा तिथंच दुकानात ती घालून गेला. दुपारी मी अक्षतांना गेलो. संमती कट्ट्यापर्यंत पोचताच आलं नाही, तळ्याच्या कडेला उभा राहिलो. 'एकदा भक्तलिंग हर्र' झालं, हातातले तांदूळ उधळले आणि परत येऊन झोपलो.

यात्रा संपल्यावर पोरगा बाराबंदी धुवायला घेऊन आला. मी आधी छाती बघितली. झाक गेली होती, शोधूनही सापडेना. मग बंद सोडून वरची पट्टी उलटली. पट्टीखाली, जिथं ऊन पोचलं नव्हतं तिथं, दोन बोटं रुंदीची फिकट पिवळी रेघ तशीच होती, कडा सरळ, पट्टीच्या मापाची.

धुऊन मी ती बाराबंदी उलटी करून, पट्टी उघडी ठेवून, गच्चीवर दोरीला लावली. दोन दिवस लागले.