आमची वाटचाल: भाषांतराच्या दुकानातून अक्षरांच्या दवाखान्यापर्यंत

आमची कंपनी निघाली ती भाषांतरासाठी. मी आणि माझी भागीदार, दोघी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकलो. पुण्यात जपानी येणाऱ्यांची वानवा कधीच नव्हती आणि कामाचीही नव्हती. कारखान्यांना जपानी मॅन्युअलं इंग्रजीत हवी असत, सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजी मेन्यू जपानीत. भाषांतर वेळेवर जायचं आणि पाठोपाठ फोन यायचा, ‘मॅडम, तुमची फाइल करप्ट आहे.’ फाइल धडधाकट असायची. ती उघडणारा संगणक जपानीसाठी तयार नसायचा.

तेव्हा सगळीकडे विंडोज एक्सपी होतं. त्यात पूर्व आशियाई भाषांच्या फाइली वेगळ्या टाकाव्या लागत आणि त्यासाठी मूळ सीडी लागे. ती सीडी कुठे आहे हे कुठल्याच ऑफिसात कुणाला ठाऊक नसे. एवढं करून वर्डमध्ये जपानी दिसू लागलं, तरी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये प्रश्नचिन्हांची रांग कायम. कारण तो प्रोग्राम युनिकोडवर, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक क्रमांक देणाऱ्या मानकावर, लिहिलेलाच नसे. अशा प्रोग्रामसाठी विंडोजमध्ये वेगळी सेटिंग आहे, ती जपानी करून संगणक रिस्टार्ट करावा लागतो. (मराठीला ही पळवाटसुद्धा नाही. देवनागरीसाठी विंडोजने तसलं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा आणि आकड्यांचा तक्ता, कधी दिलंच नाही. मराठी हवी तर प्रोग्राम युनिकोडच हवा.)

सुरुवातीला हे सगळं आम्ही फुकट, फोनवर सांगायचो. मग लक्षात आलं की भाषांतरापेक्षा जास्त वेळ यातच जातोय. तेव्हा त्याचं बिल लावायला लागलो आणि कुणी कुरकुरलंही नाही.

नवीन मुलं कामाला आली की आधी पडद्यावरचा बिघाड ओळखायला शिकवतो. रिकामे चौकोन दिसले तर बहुतेक वेळा फॉन्ट नाही, मजकूर शाबूत आहे. भलतीच अक्षरं दिसली, ज्याला जपानी लोक मोजिबाके म्हणतात, तर एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं आकड्यांत साठवायची पद्धत, चुकीचं वाचलं गेलंय. योग्य निवडलं की बहुधा मजकूर परत येतो. पण जपानीच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली गेली असतील, तर मूळ अक्षरं गेली. गिऱ्हाइकाकडे मूळ प्रत मागायची, दुसरा इलाज नाही.

सगळ्यात छळलं ते शिफ्ट-जिस या जुन्या एन्कोडिंगने. एका बाइटने २५६ वेगवेगळ्या खुणा दाखवता येतात आणि जपानी मानकात नुसत्या कांजीच, म्हणजे चिनीतून आलेली अक्षरं, ६,३५५. म्हणून एका अक्षराला दोन बाइट दिले. त्यातल्या दुसऱ्या बाइटची किंमत काही अक्षरांत नेमकी बॅकस्लॅशएवढी येते. प्रोग्राम बाइटमागून बाइट वाचत असेल, तर त्याला मध्येच बॅकस्लॅश, म्हणजे प्रोग्रामसाठी खास अर्थ असलेली खूण, भेटतो आणि पुढचं सगळं बिघडतं. जपानी प्रोग्रामर या अक्षरांना दामे-मोजी म्हणतात. आमच्या दुर्दैवाने ती रोजच्या वापरातली आहेत: ‘सोफुतोवेआ’मधला सो, म्हणजे सॉफ्टवेअर, ‘ह्योजी’मधली पहिली कांजी, म्हणजे पडद्यावर दाखवणं, ‘किनो’मधली दुसरी, म्हणजे फंक्शन. ज्या मेन्यूत हे तीन शब्द नाहीत असा मेन्यू मी पाहिलेला नाही.

युनिकोड आल्यावर हे बरंच निवळलं, पण नवं दुखणं सुरू झालं. चिनी आणि जपानीत समान असलेल्या कित्येक अक्षरांना युनिकोडमध्ये एकच क्रमांक आहे. फॉन्ट ठरवून दिला नाही, तर संगणक खुशाल चिनी वळणाचा फॉन्ट उचलतो. ‘होने’ म्हणजे हाड, या कांजीच्या वरच्या चौकटीतला छोटा कोपरा सरळ दुसऱ्या बाजूला जातो. आपल्याला तो दिसतही नाही. जपानी माणसाला लगेच खटकतो आणि सॉफ्टवेअर घाईत उरकलंय असं त्याचं मत होऊन बसतं. म्हणून फॉन्ट ‘आपोआप’वर सोडायचा नाही, मेइर्यो नाहीतर यू गॉथिक असं नावानिशी लिहायचं.

अक्षरं दिसण्याचा प्रश्न निदान स्क्रीनशॉटमध्ये पकडता येतो. टायपिंगचा येत नाही. जपानी माणूस रोमनमध्ये उच्चार टाइप करतो, त्याचं हिरागाना या उच्चाराप्रमाणे लिहायच्या लिपीत रूपांतर होतं, स्पेस दाबली की कांजीचे पर्याय येतात आणि एंटर दाबून तो त्यातला एक पक्का करतो. हे काम आयएमई नावाचं टायपिंगचं सॉफ्टवेअर करतं आणि ते चालू असताना विंडोज प्रोग्रामला दाबलेली कळ न सांगता २२९ हा एकच क्रमांक देतं. प्रोग्राम लिहिणाऱ्याने हे ध्यानात घेतलं नसेल, तर कांजी पक्की करणारा एंटर ‘सेव्ह’ समजला जातो. रुग्णनोंदणीच्या एका सॉफ्टवेअरमध्ये आम्ही हे पाहिलं: आडनाव टाइप करून एंटर दाबला, तर पहिलं नाव लिहायच्या आतच नोंद जमा. त्यांच्या टेस्टिंगच्या मुलांना हे कधीच दिसलं नव्हतं, कारण ती जपानी मजकूर कॉपी-पेस्ट करून तपासत होती. जपानी टाइप करणारं माणूस टीममध्ये नसेल, तर दुसरं होणार तरी काय? तेव्हापासून आमच्याकडची मुलं प्रत्येक रकाना हाताने टाइप करूनच तपासतात.

२०१९ च्या वसंतात मात्र अक्षरशः झोप उडाली. १ एप्रिलला रेइवा या नव्या सम्राटाच्या कालखंडाचं नाव जाहीर झालं आणि १ मेपासून ते लागू. तारखा जपानी पद्धतीने, म्हणजे कालखंडाचं वर्ष लिहून, छापणारं प्रत्येक सॉफ्टवेअर महिन्याभरात बदलायचं. एका चौकोनात बसणाऱ्या ‘रेइवा’ या चिन्हासाठी युनिकोडने १२.१ ही आवृत्ती काढली. त्या महिन्यात आलेली निम्मी कामं आम्हाला परत पाठवावी लागली.

यंत्रानुवाद आल्यापासून भाषांतराचे दर घसरलेत, त्याबद्दल रडत बसण्यात अर्थ नाही. आमच्या कोटेशनमध्ये आता भाषांतर, मांडणी आणि टायपिंगची चाचणी अशा वेगळ्या ओळी असतात. पैसे कमी करा म्हटलं की गिऱ्हाईक पहिली काट मारतं ती तिसऱ्या ओळीवर. भाषांतराच्या दरात आम्ही थोडंफार खाली येतो, पण ती ओळ काढायला सांगितली तर काम घेत नाही.