पडदे रंगवणाऱ्याने पडदा काढला

कुडाळजवळच्या आमच्या गावात माझी गणपतीची शाळा, म्हणजे मूर्ती घडवायचा कारखाना आहे. चवथ आटोपली की जत्रांच्या नाटकांचे पडदे रंगवतो. मांजरपाट ताणायचा, सरस कढवायचा, त्यात पावडरीचे रंग कालवायचे. त्यामुळे मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांचं नाव निघालं की मला आधी आठवतात त्यांचे पडदे. मूळचे बाबूराव मेस्त्री. कोल्हापुरात नात्यातले भाऊ आनंदराव यांच्याबरोबर नाटकांचे पडदे रंगवून त्यांनी नाव काढलं. आणि सिनेमा करायला घेतल्यावर तोच रंगवलेला पडदा बाजूला केला.

हे किती मोठं धाडस होतं, ते पडदे रंगवणाऱ्यालाच कळेल. पडद्यावरच्या खांबाची सावली आम्ही ब्रशने डावीकडे टाकतो, पण दिवा डावीकडे टांगला की नटाची सावली उजवीकडे पडते. नट खांबाला टेकला की राजवाडा हलतो. बाबूरावांनी खरेखुरे, घडीव सेट उभे केले. प्रत्येक दृश्याची आधी रेखाटनं करायची, त्यातच नटाचे कपडे नि उभं राहण्याची जागा ठरवायची, ही त्यांची पद्धत.

आनंदराव 1916 साली गेले. दोघांनी मिळून पाहिलेलं कॅमेऱ्याचं स्वप्न बाबूरावांनी सहकारी विष्णुपंत दामल्यांच्या मदतीने पुरं केलं. गायिका तानीबाई कागलकर यांनी पैसे दिले, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ आला. लोकमान्यांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटलं. 1923 च्या ‘सिंहगड’मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला.

पण माझ्या लेखी त्यांचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 1925 चा ‘सावकारी पाश’. कथा ना. ह. आपट्यांची. कर्जापायी जमीन गेलेला शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. तरुण व्ही. शांताराम त्यात शेतकरी झाले होते. देवादिकांच्या चित्रपटांना गर्दी लोटायची त्या काळात हा विषय घेतला, आणि प्रेक्षकांनी तो उचलून धरला नाही. आम्हा कोकणवाल्यांना ती गोष्ट कुणी समजावून सांगायला नको. माझे आजोबा असेच बोटीने मुंबईला गेले, लालबागच्या खोलीत राहिले, गिरणीत लागले. घरची जमीन गहाण होती. चाकरमानी म्हणून आपण त्यांचं कौतुक करतो, पण ते का गेले हे बाबूरावांनी शंभर वर्षांपूर्वी पडद्यावर मांडलं होतं. 1936 साली त्यांनी तीच कथा बोलपटात पुन्हा केली. एकदा पडलेल्या विषयाकडे ते परत गेले, यावरूनच त्यांना तो किती जवळचा होता ते दिसतं.

1929 साली शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले आणि ‘प्रभात’ फिल्म कंपनी निघाली. प्रभातचे गोडवे सगळे गातात, गावेतच. पण दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ पुन्हा बघाल तेव्हा तुकोबांच्या घराच्या भिंती आणि कपडे नीट निरखा. हात बाबूरावांच्या तालमीतला आहे.