पॅरिस ते फ्लॉरेन्स : पास घ्यावा की सुटी तिकिटे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघांनी पॅरिस, झुरिक, मिलान, व्हेनिस आणि फ्लॉरेन्स हा सगळा प्रवास रेल्वेने करायचे ठरवले, तेव्हा युरेल पास घ्यायचा हे मी जवळजवळ गृहीतच धरले होते. 33 देशांत चालणारा एकच पास, तोही मोबाइलवर, आणि हवी ती गाडी पकडण्याची मुभा, या वर्णनाला भुलायला वेळ लागत नाही. युरोपात राहणाऱ्यांनी इंटररेल घ्यायचा आणि बाहेरून येणाऱ्यांनी युरेल, एवढे कळले की खरेदी झालीच, असे मला वाटत होते. पैसे भरण्यापूर्वी मात्र वहीत एकेका टप्प्याचा हिशेब मांडला आणि बेत बदलला.

पासमध्ये प्रवासाचे भाडे येते, बसायची जागा येतेच असे नाही. पॅरिसहून झुरिकला जाणारी टीजीव्ही लिरिया ही वेगवान गाडी, झुरिकहून सीमा ओलांडून मिलानला जाणारी युरोसिटी आणि इटलीतली वेगवान फ्रेच्चारोसा या तिन्ही गाड्यांत आरक्षण सक्तीचे असून पास असला तरी त्याचे पैसे वेगळे मोजावे लागतात. शिवाय फ्रान्सच्या वेगवान गाड्यांत पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा असतात, त्या संपल्या की गाडीत आसने रिकामी असूनही पासचा उपयोग नाही. आमच्या मार्गावरचे लांबचे सगळे टप्पे नेमके असेच होते. जर्मनीत आणि ऑस्ट्रियात बहुतेक गाड्यांना हे बंधन नाही. तिथे मनात येईल तसे भटकणाऱ्याने पासचा विचार जरूर करावा.

मग सुटी तिकिटे पाहू लागलो. या गाड्यांची भाडी विमानासारखी चढत जातात, त्यामुळे लवकर घेणाऱ्याचा फायदा होतो, पण स्वस्त तिकिटाला त्याची किंमत असते. इटलीत एकाच गाडीच्या एकाच वर्गात बेस, इकॉनॉमी आणि सुपर इकॉनॉमी अशी तीन भाडी दिसतात. त्यांतले सर्वांत स्वस्त तिकीट एकदा घेतले की ना बदलता येते ना परत करता येते. बेस तिकीट मात्र गाडी सुटेपर्यंत बदलून घेता येते. मिलान ते व्हेनिस हा टप्पा पक्का होता, म्हणून तिथे स्वस्तातले घेतले. व्हेनिसमध्ये पूल चढून-उतरून झाल्यावर सासूबाईंचे गुडघे काय म्हणतील याचा भरवसा नसल्याने फ्लॉरेन्सचे बेस घेतले. गुडघ्यांनी साथ दिली, गाडी बदलावी लागली नाही, तरीही ते जास्तीचे पैसे वाया गेले असे मला वाटत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या चार दिवसांसाठी मात्र आम्ही तिथला स्विस ट्रॅव्हल पासच घेतला, कारण त्यात गाड्यांबरोबर तलावांवरच्या बोटी, बस आणि शहरांतल्या ट्रामही येतात आणि आईवडिलांसोबत असलेल्या 16 वर्षांखालील मुलांना फॅमिली कार्डावर फुकट प्रवास करता येतो. युंगफ्राउयोख या आल्प्समधल्या उंच बर्फाळ खिंडीकडे जाताना तो वाटेतल्या ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच पूर्ण चालतो, पुढे फक्त सवलत मिळते.

सर्वाधिक वेळ गेला तो स्थानकांच्या नावांत. फ्लॉरेन्स तिथल्या वेळापत्रकात फिरेन्झे असते, व्हेनिस व्हेनेझिया. त्यातही व्हेनेझिया मेस्त्रे हे स्थानक मुख्य भूमीवर आहे, तर सांता लुचिया थेट ग्रँड कॅनालच्या काठावर. मी मेस्त्रेचे तिकीट जवळजवळ घेतलेच होते. मुलीने नकाशावर बोट ठेवून मधले पाणी दाखवले म्हणून वाचलो. तिकिटे निघण्यापूर्वी काढण्याचे आणखी एक कारण म्हणजे बँकेचा ओटीपी, कारण परदेशात दुसरे सिम घातल्यावर तो येईलच याची खात्री नसते.

एवढी तयारी करूनही चूक झाली ती सर्वांत साध्या तिकिटात. फ्लॉरेन्सहून पिसाला जाणाऱ्या प्रादेशिक गाडीला आरक्षण नसते आणि लवकर काढले म्हणून भाडे कमी होत नाही, म्हणून ती तिकिटे तिथेच यंत्रातून कागदी घेतली. असे तिकीट गाडीत चढण्यापूर्वी स्थानकावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा छाप उमटवायचा असतो, नाहीतर ते वापरलेलेच नाही असे धरले जाते. आम्ही त्या यंत्राला पाठ टेकून फोटो काढत उभे होतो. टीसीने चारही तिकिटे उलटसुलट करून पाहिली, कडेच्या कोऱ्या जागेवर नख टेकवले आणि शांतपणे दंडाची पावती करायला घेतली. परतीच्या प्रवासात सासूबाईंनी सगळी तिकिटे स्वतःकडे घेतली आणि एकेक स्वतःच्या हाताने छापून आमच्या हातात दिले.