एका जन्मतारखेसाठी अडलेली माझी डिटेक्टिव्ह कादंबरी (माझा अनुभव)

१९४७ च्या म्युनिकमध्ये घडणारी डिटेक्टिव्ह कादंबरी मी मराठीत लिहितेय हे इथल्या बऱ्याच मराठी मंडळींना माहितीये आणि भेटलं की सगळे एकच विचारतात, एवढा वेळ का लागतोय. लिहायला नाही लागला हो. एका माणसाची जन्मतारीख मिळवायला लागला, कारण ती तारीख ज्या फाईलमध्ये होती ती फाईल बघायला आधी ती तारीखच द्यायची होती. अजून आठवलं की डोकं तापतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. जर्मनीतल्या जुन्या फायली कुणाला बघायच्या असतील तर उपयोग होईल.

माझा नायक माजी पोलीस आहे, १९४५ मध्ये नोकरीवरून काढलेला, आता पैसे घेऊन हरवलेली माणसं शोधून देतो. युद्ध संपलं तेव्हा जर्मनीत लाखो लोकांचा पत्ता नव्हता, रेड क्रॉसचं शोधखातं तेव्हापासून हेच काम करत होतं, स्टेशनांवर 'यांना कुणी पाहिलंय का' अशा चिठ्ठ्या लागायच्या. असंच वाचता वाचता एका छोट्या शहराच्या १९४७ च्या पेपरात मला एक बारीकशी जाहिरात दिसली, माजी क्रिमिनल पोलीस (म्हणजे गुन्ह्यांचा तपास करणारा पोलीस), खासगी चौकशीची कामं घेतो, खाली नाव आणि पत्ता. मला हाच माणूस पाहिजे होता!

आता त्याची फाईल कुठेतरी असणारच, कारण अमेरिकन झोनमध्ये (युद्धानंतर जर्मनी चार देशांनी वाटून घेतला, त्यातला अमेरिकेच्या ताब्यातला भाग, म्युनिक त्यातच) ५ मार्च १९४६ चा कायदा झाला आणि अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला नाझी काळात आपण काय केलं ते फॉर्मवर लिहून द्यावं लागलं. मग श्प्रुखकामर नावाची कोर्टासारखी मंडळं बसली आणि ज्यांच्यावर केस चालली त्यांना पाच वर्गांत टाकलं, एका टोकाला मुख्य गुन्हेगार, दुसऱ्या टोकाला निर्दोष. नॉयर, म्हणजे काळोख्या वातावरणातल्या गुन्हेकथा, म्हटलं की लोकांना पाऊस, धूर आणि तिरपी टोपी आठवते. मला त्या काळातली काळी गोष्ट या कागदांमध्ये दिसत होती. प्रत्येकाकडे स्वतःबद्दलची एक गोष्ट तयार होती, सही-शिक्क्यासकट, आणि माझ्या डिटेक्टिव्हला तीच फोडायची होती. मग ती कशी लिहिली जायची हे न बघता मी कशी लिहिणार?

तर अर्काइव्हला, म्हणजे जुने सरकारी कागद सांभाळणाऱ्या ऑफिसला अर्ज केला. कुठलं ते सांगत नाही. नाव, पत्ता, पेशा, पेपरमधल्या जाहिरातीची कॉपी, सगळं जोडलं. बऱ्याच आठवड्यांनी उत्तर आलं, जन्मतारीख कळवा, त्याशिवाय शोध घेता येणार नाही. मी लिहिलं की तारीख माहीत नाही, पण पत्ता आहे, पेशा आहे, पोलीस खातं आहे, यावरून बघा ना. परत तोच मजकूर, फक्त खाली एक ओळ वाढवलेली, संबंधित व्यक्तीच्या मृत्यूला १० वर्षं झाल्याचा पुरावाही जोडा.

म्हणजे माझ्याकडे नव्हती एक गोष्ट, आता नव्हत्या दोन. मग त्या गावच्या श्टांडेसआम्टला, म्हणजे जन्ममृत्यू नोंदणीच्या ऑफिसला विचारलं. ते म्हणाले मृत्यूची नोंद ३० वर्षांच्या आतली असेल तर सहसा जवळच्या नातेवाइकांनाच देतो, त्याहून जुनी असेल तर शहराच्या अर्काइव्हकडे गेली असेल, तिकडे विचारा. तिकडे विचारलं तर कुठल्या सालची नोंद पाहिजे ते सांगा, म्हणे. अहो तेच तर शोधतेय! पहिल्या ऑफिसला फोन केला, तो फक्त सकाळी लागतो आणि मी सकाळी कामावर, म्हणजे जिन्यात उभं राहून बोलायचं. बाई शांतपणे म्हणाल्या, त्यांच्या घरच्यांना विचारून बघा. मी नाशिकची, १९४७ मधल्या जर्मन पोलिसाचे घरचे मी कुठून आणू? एवढा राग आला की घरी येऊन तो पूर्ण चॅप्टर बाजूला ठेवला आणि बरेच दिवस कादंबरीच उघडली नाही.

आणि खरं सांगायचं तर हा पुरावा मागायची गरजच नव्हती, हे मला नंतर कायदा वाचल्यावर कळलं, म्हणून जास्त चीड येते. फेडरल कायद्यात सरळ लिहिलंय, माणसाच्या फाईलला मृत्यूनंतर १० वर्षांचं संरक्षण, मृत्यूचं साल कळत नसेल तर जन्मापासून १०० वर्षं, दोन्ही कळत नसेल तर कागद तयार झाल्यापासून ६० वर्षं. राज्यांचे कायदे वेगळे आहेत, कुठे १०० च्या जागी ९० आहे, पण धोरण तेच. १९४७ चा कागद, ६० वर्षं कधीच उलटली. समोरच्याला हे माहीत असायला हवं, त्यांचं रोजचं काम आहे ते. तेव्हा अर्ज करायच्या आधी त्या राज्याचा अर्काइव्ह कायदा वाचा, फार मोठा नसतो, आणि कलम नंबरासकट अर्जातच टाका. 'कृपया' ने जे होत नाही ते कलम नंबराने होतं इथे.

पण फाईल शोधायला तारीख लागणारच होती, कारण त्या नावाचे अक्षरशः ढिगाने लोक आहेत. ती सुटका केली शेजारच्या आजींनी. मी जिन्यात फोनवर भांडत होते ते त्यांनी ऐकलं होतं. म्हणाल्या, अगं तेव्हा पत्ता नोंदवल्याशिवाय रेशनकार्ड मिळत नव्हतं, माणूस कुठेतरी नोंदलेला असणारच, मेल्डेकार्ट माग. मेल्डेकार्ट म्हणजे शहरात राहणाऱ्या प्रत्येकाचं जुनं नोंदणी कार्ड, आणि बऱ्याच शहरांच्या अर्काइव्हमध्ये ती आडनावाप्रमाणे लावून ठेवलेली आहेत. म्हणजे ज्यांनी मला साल विचारलं होतं त्यांच्याकडेच ते कार्ड होतं!! मी मृत्यूची नोंद मागितली म्हणून त्यांनी मृत्यूच्या नोंदीचं उत्तर दिलं, दुसरीकडेही बघता येईल असं एकानेही सांगितलं नाही. कार्ड आलं, जन्म १८९९, लग्न, मुलं, बदललेले पत्ते, सगळं एका कागदावर. १८९९ म्हटल्यावर १०० वर्षांचाही प्रश्न संपला. कलम टाकून नवा अर्ज केला आणि पहिल्या त्याच अर्काइव्हने लगेच वाचनकक्षाची तारीख दिली.

फाईल उघडली तेव्हा हात थरथरत होते. आत फ्रागेबोगन, १३१ प्रश्नांचा तो प्रसिद्ध फॉर्म, त्यात उंची, वजन, डोळ्यांचा रंग इथपासून नोव्हेंबर १९३२ ला मत कुणाला दिलं इथपर्यंत सगळं विचारलंय. त्यामागे पर्झिलशाईन, म्हणजे ओळखीच्यांनी दिलेली 'हा माणूस मनातून कधीच नाझी नव्हता' अशी पत्रं. पाद्री, घरमालकीण, एक दुकानदार. आणि तिघांच्या पत्रात एक अख्खं वाक्य शब्दन्‌शब्द सारखं. मी तिथेच थांबले. माझ्या कादंबरीत खून कुणाचा होतो ते त्या टेबलावर ठरलं, अशी पत्रं टाईप करून विकणाऱ्या माणसाचा. गिऱ्हाईकांची यादी म्हणजेच संशयितांची यादी. हे घरी बसून मला कधीच सुचलं नसतं.

निकाल लागला मिटलॉयफर, म्हणजे नुसता मागे चालणारा, चौथा वर्ग. वर थोडा दंड. काळ्याबाजारात तेव्हा एक अमेरिकन सिगरेट ५ ते १० राईशमार्कला (तेव्हाचं जर्मन चलन) जायची, म्हणजे त्याचा दंड सिगरेटच्या एका कार्टनमध्ये सुटला असता. हे वाक्य मी कादंबरीत तसंच घेतलंय.

फाईलमधलं एक पत्र हाताने लिहिलेलं होतं, जुन्या कुरेंट लिपीत, जर्मन येत असूनही मला एक अक्षर लागेना, आपल्याकडे मोडीचं होतं तसं. तेही आजींनी वाचून दिलं. त्यामुळे अशी कुणी वयस्कर व्यक्ती ओळखीची असेल तर जपा. वाचनकक्षात मोबाईलने फोटो काढू देतात का ते आधी मेलवर विचारून घ्या, कॉपी मागवत बसलात तर आणखी वाट बघावी लागते.

त्या काळावर लिहिणार असाल तर अजून एक, गोष्ट २० जून १९४८ च्या आधीची की नंतरची ते पहिल्याच दिवशी ठरवा. त्या दिवशी पश्चिमेकडच्या तिन्ही झोनमध्ये नवा मार्क आला, सुरुवातीला माणशी ४० मिळाले, दुसऱ्या दिवशी दुकानांच्या काचेमागे अचानक माल दिसायला लागला आणि सिगरेटचा पैसा म्हणून असलेला रुबाब गेला. माझी गोष्ट मी मुद्दाम १९४७ मध्येच संपवलीये, नाहीतर निम्मा प्लॉट कोसळला असता.

आणि हो, अर्जात कारणाचा रकाना असतो, तिथे कादंबरी असं स्पष्ट लिहा, मी लिहिलं आणि त्यावरून कुणी काही म्हटलं नाही. फक्त पुस्तक छापून आलं की एक प्रत अर्काइव्हला फुकट द्यायची असं त्यांनी सहीने लिहून घेतलंय, तेव्हा प्रकाशकाला ही प्रत आधीच सांगून ठेवा.